बाकावरून बाकावर

ब्रिस्टल किती मोठं
हे माझा डावा गुडघा ठरवतो.
काल ते दोन बाकांएवढं होतं.
आज माणिक म्हणाली, चार तरी करू,
विमानाचे पैसे दिलेत आपण.

माणिक माझी नणंद.
इथे कुणी विचारलं तर नणंदेला शब्द सापडत नाही,
मग दोघीही 'सिस्टर' म्हणतो
आणि एकमेकींकडे बघत नाही.

पहिला बाक धक्क्यावर.
समोर टेकडीवर घरांची रांग,
आमसुली, पोपटी, हळदी, आभाळी,
जणू कुणी गिऱ्हाइकाने दुकानातल्या सगळ्या घड्या मोडल्या
आणि घेतलं एकही लुगडं नाही.
पिवळी होडी येते, जाते.
चढायचं की नाही यावर
तीन होड्या निघून जाईपर्यंत बोलणं चालतं.

दुसरा बाजाराच्या तोंडाशी.
कागदात गरम पेस्टी.
माणिक लगेच खात नाही. कडेवरून बोट फिरवते.
करंजीच की ही, म्हणते, बटाट्याची.
पण मुरड बघ, घाईत घातलीय.

मला ते स्वयंपाकघर आठवतं.
तिलाही आठवलं असणार, कारण ती खाली बघते.
ती मुरड घालायची, मी तळायची,
पहिली फुटकी निघाली की दोघींत वाटून.
मग वाटण्या झाल्या, सह्या झाल्या,
आणि एकवीस दिवाळ्या
आपापल्या करंज्या, आपापली कढई,
मनाला तेवढी रोजची मुरड.
मिऱ्याचा ठसका लागतो. बरं झालं लागला.

तिसरा बाक संग्रहालयात, दालनाच्या मधोमध.
कुठल्याही चित्राकडे तोंड करा,
दुसऱ्या कुणाला तरी पाठ होतेच.
आम्ही निवडली कोपऱ्यातली बाई:
हातभर चौकट, खिडकीचं मंद ऊन,
ती सफरचंद सोलतेय,
सालीची एकच लांब लड, अजून न तुटलेली.
चित्रकाराचं नाव खाली आहे. तिचं नाही.
दोनशे वर्षांत एक फळ सोलून होईना हिचं,
माणिक म्हणते, आणि एवढ्या मोठ्याने हसते
की डेल्रॉय नावाचा पहारेकरी उठून येतो.
वाटलं, आता बोलणार.
त्याने घडीची खुर्ची आणून ठेवली माझ्या पायाखाली.
चित्रासमोर पाय लांब!
माणिकला लाज वाटली, मलाही.
गुडघ्याला नाही वाटली.

चौथ्यासाठी बस, मग चढ, मग थांबणं, मग चढ.
घळीवर टांगलेला पूल, आणि पुलाच्या तोंडाशी
माणिक एकदम भिंतीला धरून उभी.
तिला उंची सोसत नाही, मला चाल.
दोघी मिळून एक धड प्रवासी होत नाही.

म्हणून बाक. पाठीला पितळी पट्टी:
'डोरीन पेल्हम. हिला इथला वारा आवडायचा
आणि वाद घालायला.'
आपल्यावर काय लिहितील, मी विचारलं.
'गुडघा' एवढंच लिहितील, ती म्हणाली.

खाली नदी नव्हती.
नुसता चिखल, दोन्ही काठांना चकाकता,
मधे पाण्याची एक बारीक रेघ.
शेजारचं जोडपं हळहळलं आणि फोटो न काढता गेलं.
माणिक वेंगुर्ल्याची. तिने एकदाच वाकून पाहिलं,
भिंतीला धरूनच.
सुकती आहे, म्हणाली. दोनेक तासांत भरेल.

मग आम्ही दोन तास बसलो.
ससाणा एकदा कड्यावरून सुटला, कबुतरं फुटली,
पुन्हा सगळं जिथल्या तिथे.
पाणी कधी आलं कळलंच नाही.
रुसून गेलेलं पोर मागच्या दाराने
घरात शिरतं, तसं आलं,
आधी कडेकडेने, मग सगळीकडे.

माणिकने पिशवीतून कागद काढला.
अर्धी पेस्टी ठेवली होती तिने.
सारण स्वतःकडे घेतलं,
मुरडीचा तुकडा माझ्या हातावर ठेवला.
तुला कड आवडायची ना, म्हणाली.

गार झाली होती. कडक.
चावायला बराच वेळ लागला.